दत्तारामची उजवी बाजू

दत्तारामच्या उजव्या कानाखाली गाठ आहे हे जगात सगळ्यात आधी कळलं ते आमच्या शिल्पकला विभागाला. डॉक्टरच्या आधी, त्याच्या बायकोच्या आधी, खुद्द त्याच्याही आधी. कॅलिपर लावून, मिलिमीटरमध्ये मोजून कळलं. आणि ती गाठ मी माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून सपाट केली. मातीतली. खरी होती ती होती तिथंच राहिली आणि वाढत गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्टी रंगवून सांगायची खोड आहे आणि या एका गोष्टीत रंग भरायची मला भीती वाटते.

मी शिवदास. विद्यापीठाच्या ललित कला शाखेत वीस वर्षं शिल्पकला शिकवतो. ललित कला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कमानी, हिरवळ आणि झोळीवाली पोरं येतात. आमच्याकडे यांपैकी फक्त झोळीवाली पोरं आहेत. डिचोली मागं टाकून पाळीच्या वाटेला लागलात की डाव्या हाताला एका खाण कंपनीचं ट्रकांचं जुनं गॅरेज लागतं. खाणी बंद पडल्यावर ते विद्यापीठाला मिळालं. स्पेअर पार्टच्या कोठारात चित्रकला भरते, जिथं हिशेबनीस बसायचे तिथं उपयोजित कला एसी लावून बसते, आणि आम्ही शिल्पवाले जड माणसं म्हणून खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माहितीपत्रकात या सगळ्याला 'औद्योगिक वारशाचं सर्जनशील पुनरुज्जीवन' म्हटलं आहे. आम्ही त्याला गॅरेजच म्हणतो.

माहितीपत्रकात तसं सगळंच छान आहे. चार वर्षांची पदवी, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. नवीन धोरणापासून कलेचंही वजन करायला लागलेत, त्यामुळे समोर माणूस बसवून त्याचं डोकं मातीत घडवणं म्हणजे आता 'व्यक्तिशिल्प, चार क्रेडिट, अठरा बैठका'. सतराव्या बैठकीत डोकं जमलं तरी अठरावी भरावी लागते.

शेडच्या मधोमध एक लांबट खड्डा आहे. पूर्वी मेकॅनिक त्यात उतरून ट्रकची पोटं तपासायचे. आम्ही तो मातीची टाकी म्हणून वापरतो. वर्ष संपलं की पोरांनी केलेली डोकी मोडून त्यात टाकायची, पाणी सोडायचं आणि जूनमध्ये तीच माती काढून पुन्हा मळायची. पावसाळ्यात त्या खड्ड्यात खालून लाल पाणी चढतं. खनिजाचं. त्यामुळे आमची माती दर वर्षी थोडी जास्त लाल होत जाते. दिवसाचं काम आटोपलं की प्रत्येक डोक्यावर ओलं फडकं गुंडाळावं लागतं, नाहीतर माती सुकून तडे जातात. संध्याकाळी शटर ओढताना आत पंधरा जण तोंड झाकून उभे असतात. इतकी वर्षं झाली, पण शटर ओढताना मी आत बघत नाही.

दत्ताराम २०२२ च्या जूनमध्ये आला तो वॉचमनची जागा आहे का विचारायला. पन्नाशी ओलांडलेला, काटक, गळ्यात टॉवेल. बोलता बोलता त्याची नजर खड्ड्याकडे गेली आणि तो हसला.

"सर, ह्या खड्ड्यार माझी गाडी किती वेळा उभी केलली तुमका सांगूक नाय येवचा. आणि तुमी हय चिखल भरून ठेवलात?"

तो दोडामार्गाकडचा. सतराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून पाळीला आला, पुढं ड्रायव्हर झाला आणि मग बावीस वर्षं खाणीतून जेटीवर खनिज ओतत राहिला. पाळीलाच घर केलं, पेडण्याकडची यशोदा बायको केली, सागर नावाचा एक मुलगा झाला. दोनदा खाणी बंद झाल्या. पहिल्यांदा त्याला वाटलं, उघडतील. दुसऱ्यांदा त्यानं काही वाटून घेतलं नाही. ट्रक अंगणात गंजला आणि हौद्यात पावसाचं पाणी साठून बेडूक झाले, हे तो इतक्या मजेत सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण हसावं की नाही कळत नसे.

वॉचमनची जागा भरली होती. माझ्याकडे मॉडेल नव्हतं. मी त्याला म्हटलं, "दत्ताराम, नुस्ता बसाक येता तुका?"

"बसाक? बसाक माझ्यासारख्या गोंयात कोणाक येना."

थापा मारत नव्हता. पहिल्याच दिवशी तो पाऊण तास असा बसला की एका मुलीला वाटलं, याला काही झालं की काय. आमची पोरं पाच मिनिटं स्थिर बसत नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "लायनीत शिकलंय सर. खाणीर लोडिंगची लाईन, मगे जेटीर लाईन. इंजिन बंद, काच वर, नाय तर धुळीन मराचा. फुडची गाडी हलली की हलाचा. तवसर बसान रवाचा."

पोरांना तो फार आवडे. चित्रकलेच्या शिक्षकांनीही त्याला मागून नेलं, कारण त्याचा उजवा हात आणि मानेची उजवी बाजू डावीपेक्षा दोन छटा काळी होती. बावीस वर्षं ती बाजू खिडकीत होती. एकाच माणसात दोन माणसं, असं तिथली पोरं म्हणत. गळ्यातला टॉवेल तो फक्त बैठकीला बसताना काढायचा, घडी करून मांडीवर ठेवायचा आणि उठताना पुन्हा गळ्यात टाकायचा.

पहिल्याच आठवड्यात यशोदा आली. आत यायला तयार नव्हती, शटरच्या रेषेबाहेरच उभी राहिली. फडकी गुंडाळलेल्या डोक्यांकडे तिनं एकदाच पाहिलं.

"सर, एक सांगतंय, राग मानू नकात. आमच्याकडे जित्या माणसाची मूर्त करून ठेवणत नाय. तुमचा शिक्षण आसा, तुमी करा. पण वर्स सरता सरता मोडा आणि पाण्यात घाला. एक पण ठेव नकात."

"वयनी, आमी सगळ्योच मोडतो. ही बघा टाकी," मी म्हटलं.

तिनं खड्डाही पाहिला. त्यानं तिचं समाधान झालं असं काही वाटलं नाही. मागाहून मी स्टाफरूममध्ये तिची नक्कल केली आणि सगळे हसले. हेही सांगून टाकतो.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सिद्धी होती. पेडण्याची. वडिलांची गणपतीच्या मूर्ती घडवायची चित्रशाळा, त्यामुळे चालायला लागली ती मातीतच. अशी मुलं आम्हा मास्तरांना जरा जड जातात. त्यांना हाताला जे कळतं ते आम्ही पुस्तकातून सांगत असतो. नवव्या बैठकीला मी तिच्या स्टँडपाशी आलो आणि पाहिलं, तिच्या दत्तारामच्या उजव्या कानाखाली फुगवटा आलेला.

ही नवशिक्यांची ठरलेली चूक. माती ओली असली की गालावरून सरकते आणि जबड्याच्या कोनाशी जमते. माणूस गालगुंड झाल्यासारखा दिसतो. चित्रशाळेच्या सवयीनं सिद्धी माती ओलीच वापरायची. असे शेकडो जबडे मी आजवर वर ढकलले असतील.

"सिद्धी, माती उतरली आहे."

"नाही सर. मोजलंय मी." तिनं कॅलिपर उचलला. "उजवीकडे चार मिलिमीटर जास्त येतं."

"तिरका धरला असशील."

"तीनदा मोजलं. आणि सर, माती उतरली तर दोन्हीकडे उतरेल ना? ही एकाच बाजूला कशी उतरली?"

हा प्रश्न ऐकून कुठलाही शहाणा माणूस थांबला असता आणि समोर बसलेल्या माणसाकडे वळून पाहिलं असतं. तो चार हातांवर बसला होता, टॉवेल मांडीवर, मान उघडी. मी चिडलो. दुसऱ्या वर्षाची पोर सगळ्या वर्गासमोर मला माती शिकवते म्हणून चिडलो. अंगठा कानाखाली टेकवला आणि खालून वर एक दाब दिला. माती मऊ होती, चटकन बसली. जबड्याची रेष कशी स्वच्छ निघाली! मला बरं वाटलं. दत्ताराम हलला नाही, कारण अजून विश्रांतीची घंटा झाली नव्हती. फक्त त्याचे डोळे माझ्या अंगठ्याकडे गेले आणि तिथून माझ्याकडे आले.

सिद्धीनं तिच्या वहीत बैठकांच्या तारखा आणि मापं लिहून ठेवली होती. नवव्या बैठकीसमोर 'उजवी बाजू ४ मि.मी. जास्त' असं होतं. त्याच्याखाली मी लाल पेनानं लिहिलं, 'माती उतरली आहे. निरीक्षण कमी पडते.' आणि ब श्रेणी दिली.

दुरुस्तीनंतर ते डोकं मात्र झकास झालं. इतकं की वर्षअखेरीला मोडायचं जिवावर आलं. मी त्याचा प्लास्टरचा साचा काढायला लावला, ओतीव डोकं करून घेतलं आणि कोठारात कपाटावर ठेवून दिलं. प्रदर्शनाला उपयोगी पडेल. यशोदेला दिलेला शब्द माझ्या लक्षात होता. मी म्हटलं, तिला कोण सांगायला जातंय.

दुसऱ्या वर्षी पदव्युत्तर वर्गाला दत्ताराम बसला. तिथं परेश नावाचा एक शांत मुलगा होता, हात चांगला. त्याच्याही डोक्याची माती उजवीकडेच उतरली. शेजारच्या स्टँडवर तेच, पलीकडे तेच. मी मधुकरवर खेकसलो. मधुकर म्हणजे आमचा शिपाई, माती तोच मळायचा. म्हटलं, पाणी ओततोस की नळ सोडून झोपतोस? मधुकर बिचारा दुसऱ्या दिवसापासून माती इतकी घट्ट मळायला लागला की पोरांची बोटं दुखायला लागली. तरी माती उतरतच राहिली. माझं सगळं शिक्षण, सगळे अठरा बैठकांचे क्रेडिट, आणि मला एवढं सुचलं नाही की वर्ग बदलला, पोरं बदलली, मातीतलं पाणी बदललं. बदलला नव्हता तो फक्त स्टुलावरचा माणूस.

त्याच आठवड्यात विद्यापीठाचा फोटोग्राफर आला. नवीन माहितीपत्रकासाठी त्याला 'शिक्षक मार्गदर्शन करताना' असा फोटो हवा होता. मी परेशच्या स्टँडपाशी उभा राहिलो आणि अंगठा पुन्हा तिथंच ठेवला. "सर, असेच थांबा," तो म्हणाला. मी थांबलो.

दिवाळीनंतर एकदा विश्रांतीच्या वेळी सगळे चहाला गेले आणि दत्ताराम स्टुलावरच बसून राहिला. टॉवेल गळ्यात नव्हता, हातात होता.

"सर, एक विचारू? माझा तोंड वाकडा दिसता काय?"

"कोण म्हणता?"

"यशोदा म्हणता. चाय पिताना उजवेकडसून व्हावता म्हणता. कानाकडे फुगला म्हणता. डॉक्टराक दाखवक सांगता. तुमी तर रोज बगतात."

मी त्याच्यासमोर उभा होतो. शेडचं मोठं दार उघडं होतं, उजेड चांगला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, पण कसं पाहिलं ते आता सांगता येतं. मी जे दोन वर्षं दुरुस्त करत आलो होतो तेच पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा जबडा स्वच्छ होता.

"काय नाय रे. दाढ बी आसतली. तुझा तोंड माका तुझ्यापरस जास्त ठावक आसा, दत्ताराम."

तो हसला. हसताना फक्त डावी बाजू वर गेली. मी चहाला गेलो.

यानंतर त्याच्या घरी जे बोलणं झालं ते मला सागरकडून पुढं कळलं. आई डॉक्टरचं नाव काढायची आणि बाप सांगायचा, "अगो, वीस जणा रोज माझा तोंड मापतत. मिलिमीटरान मापतत. काय असता तर सांगले नसते?" डिचोलीच्या कुठल्या डॉक्टरनं कुणाचं तोंड तीन-तीन तास पाहिलंय?

२०२४ च्या मे महिन्यात प्रवेशाचे दिवस आले. डिचोलीच्या बसस्टँडवर आमच्या शाखेचा फ्लेक्स लागला. मी वाळपईच्या बसची वाट बघत समोर उभा होतो. ऊन मी म्हणत होतं. वर लिहिलं होतं, 'प्रवेश सुरू. पाहायला शिका.' खाली तिन्ही अभ्यासक्रमांची नावं. आणि दहा फूट उंचीचा तो फोटो. पुढं मातीचं डोकं, त्याच्या कानाखाली माझा अंगठा, त्याखाली गुळगुळीत जबडा. आणि मागं, अगदी त्याच कोनात, स्टुलावर दत्ताराम.

त्याच्या कानाखाली माझ्या मुठीएवढी गाठ होती. फ्लेक्सवर मुठीएवढी. खरी किती असेल त्याचा मी बोटांवर हिशेब करायला लागलो. फोटो सहा महिन्यांपूर्वीचा होता. आजूबाजूला माणसं चणे खात उभी होती, एक बाई फ्लेक्सच्या सावलीत पिशव्या ठेवून बसली होती. सगळ्या डिचोलीला आठ दिवस दिसत होतं ते मला तेव्हा दिसलं. बस आली आणि गेली. मी रिक्षा करून पाळीला गेलो.

दत्ताराम अंगणात ट्रकच्या सावलीत पेज जेवत होता. उन्हाळी सुट्टीत मी त्याला महिनाभर पाहिलं नव्हतं. उजवा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी गळत होतं आणि तो ते टॉवेलनं टिपत होता. मला पाहून उठायला लागला.

"बस, बस. कापडा घाल. बांबोळेक जावचा आसा," मी म्हटलं.

यशोदा दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता आत जाऊन त्याचा शर्ट आणला. म्हणजे ती वाटच बघत होती.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होती, समजावून सांगणारी. लाळेच्या ग्रंथीची गाठ. अशा गाठी वर्षानुवर्षं गप्प बसतात, दुखत नाहीत, खुपत नाहीत. मग एखादी बिघडते. तोंड वाकडं झालं याचा अर्थ ती चेहऱ्याच्या नसेत शिरली आहे. फुप्फुसाच्या फोटोतही तिला दोन ठिपके आवडले नव्हते.

"सुरुवातीला आले असते तर लहानसं ऑपरेशन होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

मी काही बोलायच्या आत दत्ताराम खाटेवरून म्हणाला, "लक्षात कसा नाय? वीस जणा रोज बगी होती." तो कुचकेपणानं म्हणाला नाही. त्याला ते खरंच कोडं वाटत होतं.

जुलैत ऑपरेशन झालं. गाठीबरोबर नस गेली, जबड्याचा कोपरा गेला. नंतर किरणांचे डोस. त्या काळात मी एक दिवस कपाटातून सिद्धीची जुनी वही शोधून काढली. माझ्याच अक्षरातली लाल ओळ वाचली. निरीक्षण कमी पडते. सिद्धी आता शेवटच्या वर्षाला होती. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, माझं चुकलं. तिनं वही मिटली.

"सर, मी पण तेव्हा त्यांना काही बोलले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार." आणि रडायला लागली. तिचं ते रडणं मी केलेल्या कामात जमा आहे.

जानेवारीत दत्ताराम स्वतःच्या पायांनी शेडमध्ये आला. निम्मा झाला होता. टॉवेल गालावरून असा घेतला होता की फक्त डावी बाजू दिसावी.

"व्हडल्या वर्गाचा डोक्या ऱ्हवला ना? बसतंय मी."

मी नको नको म्हणत होतो. तो स्टुलावर चढून बसला, टॉवेल काढला, घडी केली आणि मांडीवर ठेवला. शेवटच्या वर्षाच्या पोरांचे हात थांबले. उजवीकडे जबडा नव्हता, कातडी आत ओढली गेली होती. डोळा उघडाच.

"मापा," दत्ताराम म्हणाला. अर्ध्या तोंडानं शब्द नीट येत नव्हते, पण सगळ्यांना कळलं. "कमी-जास्त दिसात ता तसाच करा. सारख्या करूक जाव नकात."

हे तो पोरांना म्हणाला. बघत होता माझ्याकडे. बसस्टँडवरचा तो फ्लेक्स त्यानं पाहिला होता का, अंगठ्याचा अर्थ त्याला लागला होता का, हे त्यानं मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आणि मला विचारायचा धीर झाला नाही. मी भित्रा माणूस आहे, हे मला त्या अकरा बैठकांत नीट कळलं.

अकराच झाल्या. सिद्धी त्याच्या सर्वांत जवळ बसायची. कॅलिपर लावायच्या आधी "लावू?" म्हणून विचारायची. मी रोज तिच्या स्टँडमागून जायचो, दोन्ही हात खिशात घालून. प्रत्येक बैठकीला डोकं थोडं बदलावं लागे, कारण माणूसच उतरत होता. गालाची हाडं वर येत होती, कानामागं खळगा पडत होता. आदल्या दिवशी बरोबर असलेलं माप दुसऱ्या दिवशी चुकायचं. अठरा बैठका भरणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही. फेब्रुवारीच्या शेवटी तो गेला.

सिद्धीचं डोकं तसंच राहिलं. आर्मेचरच्या तारेवर, ओल्या फडक्यात. मोडायला कुणाचा हात होईना. सुकू दिलं तर तडे जाणार. म्हणून मी रोज सकाळी आल्या आल्या फडक्यावर पाणी शिंपडायचो. असे सोळा-सतरा दिवस गेले.

मग यशोदा आली. सागर बरोबर होता. या वेळी तिनं शटरची रेष ओलांडली. सरळ त्या स्टँडपाशी गेली, जणू तिला कुणी सांगून ठेवलं होतं, आणि फडकं काढलं. बराच वेळ बघत राहिली.

"शाबास केल्यान चेडवान," ती सिद्धीबद्दल म्हणाली. "आता मोडा."

मी आणि सागरनं ते डोकं तारेवरून सोडवलं आणि खड्ड्यात सोडलं. लाल पाण्यात ते आधी तरंगल्यासारखं वाटलं, मग कलंडलं आणि विरघळत खाली गेलं. ती काठावर उभी राहून बघत होती.

"सगळी मोडल्यात ना? पयल्या वर्साची?"

तिथं मला 'हो' म्हणता आलं असतं. मी कोठारात गेलो आणि कपाटावरचं प्लास्टरचं डोकं दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवलं. पांढरं, भरलेल्या गालांचं, हसायच्या बेतात असलेलं. सागरनं तोंड फिरवलं.

यशोदा रागावली नाही. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, मग गालाला. बोट कानाखाली गेलं आणि थांबलं. प्लास्टर काही लपवत नाही. तिथं एक उथळ खळगा होता आणि त्यात बारीक रेषा.

"हय काय आसा?"

"अंगठो. माझो." मग मी सगळं सांगितलं. चार मिलिमीटर, सिद्धीचा प्रश्न, दाबलेली माती, परेशचं डोकं, माझ्यासमोर बसून त्यानं विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. काही राखून ठेवलं नाही. सांगताना मला वाटत होतं, ती ओरडेल, सागर अंगावर येईल, काहीतरी होईल आणि मी सुटेन.

ती त्या खळग्यात बोट ठेवून ऐकत होती.

"त्या दिसाची माका याद आसा," ती म्हणाली. "माझ्या धाकान महिनोभर तेका जेवण जायना. त्या दिसा तो घराक इलो आणि म्हणालो, सरांक विचारलंय, सर म्हणाले काय नाय. खूष होतो. पोटभर जेवलो, सर. दोनदा भात घेतल्यान."

तिनं पदरानं प्लास्टरवरची धूळ पुसली आणि डोकं माझ्याकडे सरकवलं.

"ह्या माका नको. ह्या तुमचा."

दोघं चालत पाळीच्या रस्त्याला लागली. डोकं टेबलावर माझ्याकडे तोंड करून होतं. मग मधुकरनं शटर ओढू का विचारलं.